मीटरबाईंचा नापास शेरा

मीटरबाईंचा राजीनामा मंजूर होऊन एकोणीस महिने झाले होते आणि त्या अजून तिथेच होत्या.

तिथे म्हणजे एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात. जिना उतरलं की डाव्या हाताला न्यूक्लिअर मेडिसिन विभाग. रोग्याला किरणोत्सारी औषध द्यायचं आणि ते शरीरात कुठे जाऊन बसलं ते कॅमेऱ्याने पाहायचं, किंवा त्या औषधानेच आतला आजार जाळायचा, असं तिथलं काम. औषध किती द्यायचं ते डॉक्टर ठरवत. मोजून तेवढंच दिलं जातंय ना, हे डोस कॅलिब्रेटर नावाचं, बुटक्या पिंपासारखं दिसणारं यंत्र सांगे. औषधाची बाटली त्याच्या मधल्या भोकात सोडायची आणि पडद्यावरचा आकडा वाचायचा. आणि ते यंत्र खरं बोलतंय ना, हे पाहायला मीटरबाई होत्या. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. समोर सगळे त्यांना मॅडम नाहीतर बाई म्हणत.

यंत्र असायचं त्या खोलीला हॉट लॅब म्हणत. शिशाचं दार, शिशाच्या विटांचा आडोसा, आणि खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे बाईंना आत येणाऱ्याच्या चपलांवरून कळे.

असा विभाग किरणोत्सर्गाच्या सुरक्षा अधिकाऱ्याशिवाय एक दिवसही चालवायचा नाही असा कायदा आहे. त्या अधिकारी म्हणजे बाई. त्यांच्या जागी दुसरा माणूस येऊन मंजूर झाल्याशिवाय त्यांना सोडता येत नव्हतं. नवऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली तेव्हा ठरलं होतं की तो आणि मुलगी पुढे जातील आणि बाई तीन महिन्यांनी मागून येतील. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची म्हणून घरात तिचं नाव मुंगी. तीन महिन्यांनी बाईंच्या जागी एक गृहस्थ आले. ते आठव्या दिवशी चहा प्यायला म्हणून बाहेर गेले ते गेलेच. नंतर एक बाई आल्या. त्यांचे कागद मंजुरीला गेले आणि इतके दिवस तिकडेच राहिले, की त्या कंटाळून दुसरीकडे रुजू झाल्या. मुंगी अकरा वर्षांची झाली. तिच्या वेण्या आता तिची आत्या घालत होती.

हे सगळं बाईंनी निमूटपणे सोसलं. पण मुंगीच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन ठरलं, बाईंनी चार दिवसांची रजा मागितली आणि प्रशासकांनी हात जोडले.

"बाई, तुम्ही गेलात तर चार दिवस विभागाला कुलूप. काय सांगू मी लोकांना?"

"माझ्या मुलीला भूल देणार आहेत."

"तिचे बाबा आहेत ना तिकडे. आत्या आहेत. छोटंसं तर ऑपरेशन."

तेव्हा बाईंचा तोल गेला. प्रशासकांच्या खोलीत पाच माणसं बसली होती, त्यात विभागाचे डॉक्टरही होते. त्या सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, "एक दिवस मी तुमची सगळी यंत्रं नापास करून टाकते की नाही बघा! मग लावा कुलूप, आणि किल्ली घेऊन झोपा उशाशी."

रजा मिळाली नाही. ऑपरेशन नीट झालं. मुंगीला दोन दिवस बोलायला बंदी होती, म्हणून फोनवर बाईच बोलत राहिल्या आणि पलीकडून मुंगी "हो"साठी एकदा आणि "नाही"साठी दोनदा टकटक करत राहिली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी कॅलिब्रेटरची तिमाही चाचणी आली.

रोजची चाचणी वेगळी. रोज सकाळी किरणोत्सारी सिझियमचा एक छोटासा तुकडा यंत्रात ठेवायचा. त्याचा आकडा वर्षानुवर्षं फारसा हलत नाही, त्यामुळे यंत्र कालच्यासारखंच आहे ना एवढं कळतं. पण सिझियमचा तुकडा दुबळा. मोठा डोस समोर आला की यंत्र काय बोलतं, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा टेक्नेशियमची, म्हणजे रोजच्या वापरातल्या किरणोत्सारी औषधाची, भरलेली बाटली घ्यायची आणि थांबून थांबून मोजायची. टेक्नेशियम दर सहा तासांनी बरोबर निम्मं होतं. यंत्राचे आकडेही निम्मे निम्मे होत गेले पाहिजेत.

सोमवारी सकाळी बाईंनी बाटली आत सोडली. पडद्यावर आलं ३५२. सहा तासांनी १७६ यायला हवे होते, आले १९०. मंगळवारी सकाळी, चोवीस तासांनी, २२ यायला हवे होते, आले २५.

बाईंनी कागदावर उलटा हिशेब मांडला. लहान आकड्यांना यंत्र बरोबर असतं, हे सिझियम सांगत होताच. म्हणजे २५ खरे. मागे जात जात दुप्पट करत गेलं तर सोमवारी सकाळी बाटलीत चारशे होते. यंत्राने तीनशे बावन्नच सांगितले. डोस मोठा असला की यंत्र कमी दाखवत होतं, आणि कमी दाखवतं म्हणून माणसं त्यात आणखी औषध घालत होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं. यंत्राची जेवढी धास्ती होती, तेवढीच प्रशासकांच्या खोलीतल्या त्या वाक्याची.

तंत्रज्ञ बाजूला सुया मोडून डब्यात टाकत होता. हा चाळिशीचा माणूस काम करताना सतत शिट्टी वाजवायचा, म्हणून शिट्टी. बाईंनी स्वतःचा कागद पालथा घातला.

"जरा एक काम करा. आज आलेली बाटली पूर्ण मोजा. मग तिचे चार भाग करून वेगवेगळे मोजा आणि बेरीज सांगा. मी इकडे बघणार नाही."

शिट्टीने चिमट्याने काम उरकलं. निम्म्यातच त्याची शिट्टी थांबली.

"मॅडम, पूर्ण बाटली ३५०, चार भागांची बेरीज ३९५. असं कसं होईल? वाटून दिल्यावर वाढलं?"

"वाढलं नाही. आधी कमी दाखवलं."

शिट्टीने कपाळावर हात मारला. "म्हणून आयोडीन कमी येतंय! महिना-दीड महिना झाला, लेबलावर एक आकडा आणि आपल्या यंत्रात दुसरा. आम्ही पुरवठादाराशी भांड भांड भांडतोय. आता तर मुद्दाम वाढवून मागवतो."

बाईंनी दोन्ही आकडे कागदावर उतरवले. आयोडीन म्हणजे थायरॉइडच्या कॅन्सरचा डोस, खोलीतला सगळ्यात मोठा. तो ज्यांनी गिळला त्यांच्याबद्दल त्या विचार करत होत्या.

डॉक्टर वयस्क होते, दीड वर्षाने निवृत्त होणार होते, आणि बाईंशी नेहमी चांगले वागत. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि हसू आवरल्यासारखं केलं.

"आत्ताच नापास झालं का हे?"

"आत्ताच म्हणजे?"

"काही नाही. सकाळी सिझियम बरोबर आला होता ना?"

"सर, सिझियमला हे कळत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. पण बाई, गुरुवारी दोन आयोडीन आहेत. तुम्ही... जरा निवांत होऊन पुन्हा करून बघा. तुमच्या मनावर ताण आहे."

दुपारपर्यंत गोष्ट प्रशासकांकडे गेली. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि अतिशय शांतपणे विचारलं, "तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळी नापास करीन म्हणून?"

"मी रागात बोलले होते. हे खरं आहे."

"मग सगळ्यांसमोर दाखवा. उद्या सकाळी दहाला. मी येतो, डॉक्टर येतील. शिट्टी नको, तो तुमचा माणूस."

बुधवारी दहाला प्रशासक खाली उतरले. हॉट लॅबमधला एसी सहा आठवड्यांपासून बंद होता आणि तक्रारींच्या वहीत त्याची नोंद तीनदा झाली होती. पण प्रशासकांना घाम सहन होत नसे. ते येणार म्हणून सकाळी सातलाच चाकांवरचा एक एसी खाली ढकलत आणला गेला होता. खोली गारठून गेली होती. बाईंनी अंगात स्वेटर घातला.

डॉक्टरांनी स्वतः बाटली मोजली. ३९१. स्वतः चार भाग केले. बेरीज ३९३.

प्रशासकांनी बाईंकडे पाहिलं.

"पुन्हा करा," बाई म्हणाल्या.

पुन्हा केलं. पुन्हा जुळलं.

"झालं समाधान?" प्रशासकांनी विचारलं. ते ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. पण ते समजुतीच्या आवाजात बोलले. "बाई, तुमची अडचण मी समजू शकतो. पण हा मार्ग नव्हे. उद्याच्या डोसच्या कागदावर सही करा, मी हे सगळं विसरलो."

ते वर गेल्यावर बाई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसल्या. बाकावर आधीच एक जाडजूड बाई बसली होती, तीन-तीन कपडे अंगावर चढवून. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. तपासणीसाठी रक्त द्यायला आली होती.

"तुम्ही इथल्याच ना? उद्या होईल ना हो माझं? चार आठवडे झाले थायरॉइडच्या गोळ्या बंद करून. त्या बंद केल्याशिवाय हे औषध लागू पडत नाही म्हणे. माझी बेकरी आहे. भट्टीसमोर उभी असते आणि मला थंडी वाजते, बोला आता! काल पावाचं पीठ मळता मळता तिथेच झोप लागली. नवरा म्हणाला, हिला पण भाजा."

ती स्वतःच्याच विनोदाला हसली आणि हसता हसता दमली.

"होईल," असं बाईंच्या तोंडावर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "मी बघते." आणि तेही त्यांना खोटं वाटलं. सही केली तर हिला नको तेवढं औषध जाईल. नाही केली तर हिचा हा पाचवा आठवडा सुरू होईल. आणि यंत्र तर बरोबर होतं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. बाईंनी सगळं सांगितलं.

"सही केलीस?"

"नाही अजून."

"यंत्र नीट चाललं म्हणतेस ना?"

"आज चाललं. सोमवारी नव्हतं चाललं. काल नव्हतं."

"एक विचारू? चिडू नकोस. तुला नक्की यायचंय ना?"

"म्हणजे काय?"

"काही नाही गं. ताई म्हणत होती, एकोणीस महिने कुणी कुणाला असं बांधून ठेवत नाही. मीही तिला काही बोललो नाही, कारण... मलाही कळेनासं झालंय. दर वेळी तुझ्याकडे एक कारण असतंच."

इस्पितळात लोकांना वाटत होतं की बाईंना पळायचंय म्हणून यंत्राच्या नावाने कांगावा चाललाय. घरी वाटत होतं की बाईंना यायचं नाही म्हणून यंत्राची सबब चाललीय. आणि त्या स्वतः? मला हवं तेच तर मला दिसलं नाही ना, हा विचार त्या दुपारपासून ढकलत होत्या. त्यांनी शिट्टीचे आकडे आठवले. शिट्टीला काय हवं होतं? काहीच नाही. त्याला फक्त सहाची बस हवी असायची.

"मुंगी आहे का?" त्यांनी विचारलं.

"अभ्यास करतेय. बोलावू?"

"नको. करू दे."

गुरुवारी बाई साडेसातला खाली उतरल्या. चाकांवरचा एसी रात्रभर चालू राहिला होता. आता एक शिपाई त्याची वायर गुंडाळत होता. प्रशासकांनी तो वर मागवला होता. शिट्टीने ताजी बाटली आणली. आठ वाजता पूर्ण बाटली आणि चार भागांची बेरीज, दोन्ही जुळले. सहीचा कागद टेबलावरच होता.

"आता काय?" शिट्टीने विचारलं.

"अर्ध्या तासाने पुन्हा."

साडेआठला थोडा फरक आला, इतका बारीक की कुणीही सोडून दिला असता. बाईंनी तो लिहून ठेवला. नऊ वाजता शिट्टीने बाहीने मान पुसली. "कालचं बरं होतं मॅडम. साहेब आले की आपल्यालाही गारवा."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठून भिंतीवरचा तापमापक उतरवला आणि यंत्राच्या मागच्या पत्र्याला टेकवून ठेवला. त्यानंतर त्या दर अर्ध्या तासाने दोन गोष्टी लिहीत गेल्या, फरक आणि तापमान. खोली तापत गेली तसा फरक वाढत गेला. अकरा वाजता पूर्ण बाटली ३४१ होती आणि चार भागांची बेरीज ३८३.

डॉक्टर आले. बाईंनी काहीच सांगितलं नाही, फक्त चिमटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग बाईंचा कागद हातात घेतला आणि त्यावरचे दोन रकाने वरून खाली वाचले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"एसी कधी बंद पडला?"

"सहा आठवडे झाले."

"सहा आठवड्यांत आयोडीन किती दिले आपण?"

"नऊ."

त्या नवांची नावं बाईंनी मंगळवारीच काढून ठेवली होती. डॉक्टर स्टुलावर बसले. "मी तुम्हाला ताण आहे म्हणालो," ते म्हणाले, आणि कपाळ पुसलं.

प्रशासक खाली आले तेव्हा त्यांनी हे सगळं ऐकलं आणि त्यांच्या मते अगदी साधा तोडगा काढला. "मग थंडच ठेवू ना! आणा तो एसी परत खाली. आजचे दोन डोस देऊन टाका. बिचारे लांबून आलेत. उद्या खुशाल नापास करा."

हे वाईट नव्हतं, हीच पंचाईत होती. बाईंना बेकरीवालीचा सुजलेला चेहरा आठवला. एक सही, दोन रोगी मोकळे, सगळे खूश. डॉक्टरही त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत जवळजवळ विनवणी होती.

"कालच्या थंडीत ते जुळलं, एवढंच मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "किती थंड म्हणजे पुरे, किती वेळ पुरे, आत नक्की काय बिघडलंय, यातलं काहीच माहीत नाही. ज्या यंत्राचं मला माहीत नाही त्यावर मी सही करत नाही."

"म्हणजे कुलूपच लावणार तुम्ही."

"हो. कुलूपच."

त्यांनी वहीत शेरा लिहिला: नापास. वापर बंद. खाली सही, तारीख, वेळ. लाल चिठ्ठी यंत्रावर चिकटवली. इतके महिने त्यांना वाटायचं की हा शब्द लिहिताना मनात कुठेतरी गुदगुल्या होतील. झाल्या नाहीत. त्यांना फक्त तहान लागली.

बेकरीवालीला सांगायला त्या स्वतः गेल्या. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चार आठवडे मेल्यासारखी जगले मी, आणि तुमचं यंत्र आजच रुसलं होय?"

"ते आधीच रुसलं होतं. आम्हाला आज कळलं."

"मग माझं नशीब म्हणायचं की फुटकं नशीब?"

"मला सांगता येत नाही. पण मी एक फोन केलाय."

चार तासांच्या अंतरावर दुसरं इस्पितळ होतं आणि तिथल्या सुरक्षा अधिकारी कॉलेजात मीटरबाईंच्या वर्गात होत्या. दोन्ही रोग्यांना उद्या पहिल्या पाळीत घ्यायचं त्यांनी कबूल केलं. अँब्युलन्समध्ये चढताना बेकरीवालीने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीपण जरा गोळ्याबिळ्या घ्या काहीतरी," ती म्हणाली. "तोंड बघा किती उतरलंय."

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस नवव्या दिवशी आला. त्याने मागचा पत्रा उघडला, खोली तापू दिली आणि एका भागावर बोट ठेवलं. तो भाग गरम झाला की आतल्या विजेचा दाब उतरत होता. लहान डोसला तेवढा पुरायचा, मोठ्याला अपुरा पडायचा. "हे सहसा सापडत नाही हो," तो म्हणाला. "थंड खोलीत तर कधीच नाही."

त्या दिवसापासून प्रशासकांचं वागणं बदललं. जिन्यात भेटले की थांबून नमस्कार करायचे. एका बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईंसारखं माणूस आपल्याकडे आहे म्हणून आपण वाचलो. आता तर यांना सोडायचा प्रश्नच नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिल्या.

मग सरकारी तपासणीला एक बाई आल्या. पांढरे केस, पायात बूट, कमी बोलणं. दोन दिवस त्यांनी वह्या वाचल्या. मीटरबाईंचा कागद पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी त्यांनी आपला अहवाल बाईंसमोर सरकवला. नऊही रोग्यांना ठरल्यापेक्षा आठ-दहा टक्के जास्त औषध गेलं होतं. धोका मोठा नसावा, पण सहा महिने प्रत्येकाची तपासणी व्हायला हवी. देखरेखीसाठी जबाबदार: विद्यमान सुरक्षा अधिकारी. जबाबदारी बदलता येणार नाही.

"माझा राजीनामा..." बाई म्हणाल्या.

"वाचला मी तो. तारीखही पाहिली." तपासणीच्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही माझ्या जागी असतात तर इथे काय लिहिलं असतं?"

बाईंनी विचार केला. खोटं बोलायला पुरेसा वेळ मिळाला होता.

"हेच," त्या म्हणाल्या.

"मात्र सहा महिन्यांनी तुमच्या जागी कुणी नसेल तर विभागाचा परवाना थांबेल, हेही मी लिहिलंय. आता धावपळ त्यांनी करायची."

मुंगीला त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः सांगितलं. नवऱ्याला म्हणाल्या, तू सांगू नकोस, मीच सांगते.

"तू नापास करायलाच नको होतंस," मुंगी म्हणाली.

"कदाचित."

"पास केलं असतं तर आली असतीस का?"

"नाही गं. तेव्हाही नसते आले. पण त्या नऊ लोकांना कळलंच नसतं."

"मग ते आपले कोण लागतात?"

यावर बाईंनी एक उत्तर दिलं, मग दुसरं, मग तिसरं. तिसरं देऊन होईपर्यंत मुंगीने फोन बाबांकडे दिला होता. नवरा म्हणाला, "असू दे. मी त्या दिवशी जे बोललो ना..." आणि थांबला. "सुट्टी लागली की आम्ही येतो तिकडे. पंधरा दिवस." ते आले. पण बाईंना रजा नव्हती, त्यामुळे ते पंधरा दिवस दोघं घरी पत्ते खेळत बसले आणि बाई संध्याकाळी घरी येत राहिल्या.

नऊ रोग्यांना बाईंनी एकेक करून बोलावलं. काही घाबरले, एकाने आरडाओरडा केला, एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जास्त दिलंत? मग लवकर बरा होईन की!" आठ जणांचे रिपोर्ट चांगले आले. नववा होता शिंपी. त्याचाही रिपोर्ट वाईट नव्हता, पण त्याची तक्रार वेगळी होती.

"तोंडाला कोरड पडते हो बाई. लाळच सुटत नाही. आणि आमचं काम कसं? धागा ओठांनी ओला करायचा, टोक वळायचं, सुईत घालायचा. चाळीस वर्षांची सवय. आता धागा तोंडाशी नेतो आणि तसाच कोरडा परत येतो."

या औषधाने अशी कोरड कित्येकांना पडते, ठरलेला डोस दिला तरी पडते. बाईंना ते ठाऊक होतं. यातली किती आपल्या यंत्रामुळे, ते कुठल्याही मोजमापाने कळणार नव्हतं, हेही ठाऊक होतं. त्यांनी शिंप्याला दोन्ही गोष्टी सांगितल्या.

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी म्हटलं असतं, वय झालं," तो म्हणाला. "आता काय म्हणू?"

"माझ्यावर रागवलात तरी चालेल."

"राग येतो. पण दर महिन्याला तुम्हीच बसलेल्या दिसता, मग तो राहत नाही धड." त्याने खिशातून एक छोटी डबी काढली. आत ओला स्पंज होता. "बायकोने दिली. पोस्टात तिकिटं चिकटवायला असते ना, तशी."

शिंप्यासाठी बाई दर महिन्याला घशाच्या डॉक्टरांची वेळ घेत राहिल्या. सहा महिन्यांचे सात झाले. परवाना थांबेल म्हटल्यावर माणूस मिळाला, त्याचे कागदही दोन आठवड्यांत मंजूर झाले, आणि ते कागद दोन आठवड्यांतही मंजूर होऊ शकतात हे कळल्यावर बाई एकट्याच हॉट लॅबमध्ये जाऊन थोडा वेळ बसल्या. शिंप्याची फाईल त्यांनी नव्या माणसाला समजावून सांगितली. मग पुन्हा एकदा समजावून सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, कळलं मला." शिट्टी त्यांना बसपर्यंत सोडायला आला आणि वाटभर एकदाही शिट्टी वाजवली नाही.

दुसऱ्या शहरातलं घर चौथ्या मजल्यावर होतं. तीन खिडक्या होत्या आणि तिन्ही उघड्या होत्या. दार मुंगीने उघडलं. ती चार बोटं उंच झाली होती आणि केस स्वतःच विंचरायला लागली होती. तिने बाईंच्या हातातली एक पिशवी घेतली, पाहुण्यांची घेतात तशी, आणि भिंतीशी नीट लावून ठेवली.

"पाणी आणू?" तिने विचारलं. आणि मग, "किती दिवस आहेस?"

"आता इथेच आहे."

मुंगीने मान डोलावली. हे तिने आधीही ऐकलं होतं. ती पाणी घेऊन आली, बाईंचं पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली आणि रिकामा पेला घेऊन आत गेली.

"तिला जरा वेळ लागेल," नवरा हळूच म्हणाला.

"लागू दे," बाई म्हणाल्या, आणि पायातल्या चपला काढून दाराशी ठेवल्या.